चिखलाचा दागिना

१९७० च्या जून महिन्यात इंग्लंडमध्ये रेंज रोव्हर ही मोटार बाजारात आली, तेव्हा तिच्या तळाला गालिचा नव्हता. आसनांवर कातडे नव्हते. प्लॅस्टिकचे साधे आच्छादन, तळाला रबरी चटई आणि पाइपाने पाणी मारून आतून धुता येईल अशी मांडणी होती. शेतावरचा चिखल, ओले बूट, भिजलेला कुत्रा हे सगळे आत येणारच असे गृहीत धरून ती बनवली होती. त्याच नावाची मोटार आता पुण्यात जुळवली जाते. २०२४ साली हे जाहीर झाले तेव्हा तिची किंमत २ कोटी ३६ लाखांपासून पुढे होती, आणि ती आधीपेक्षा उतरली म्हणून वर्तमानपत्रांनी बातमी आनंदाने छापली. मधल्या पन्नासेक वर्षांत ह्या मोटारीतून चिखल कसा हद्दपार झाला, आणि हद्दपार केल्यावरही त्याची खूण तिने अंगावर कशी मिरवली, ह्याचा मला शोध घ्यायचा आहे.

मोटारीची कसली समीक्षा, असे काही वाचक म्हणतील. माझे एक कवीमित्र तर म्हणालेच. मी तीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवले. कविता शिकवताना आम्ही विचारायचो, ही प्रतिमा कवीच्या जगण्यातून आली आहे की दुसऱ्याच्या जगण्यातून उचलून शोभेला लावली आहे? हा प्रश्न शब्दाला विचारता येतो तर पत्र्याला का विचारू नये? ज्या वस्तूवर समाजाचा वरचा थर एवढा पैसा, एवढी कल्पकता आणि जाहिरातीची एवढी भाषा खर्च करतो, ती वस्तू वाचलीच पाहिजे. आपल्या सौंदर्यविचाराने उपयोगाच्या वस्तूला कायम उंबऱ्याबाहेर ठेवले. चप्पल बसली की नाही हे पायाला कळते. पण चांभाराच्या टाक्याच्या सौंदर्याविषयी लिहिलेले पान सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथांत मला तरी सापडलेले नाही. तेव्हा ही वाट मळलेली नाही, एवढे मान्य करून पुढे जातो.

दुसरेही एक कारण आहे. ह्या मोटारींचा विषय रस्ता हा आहे, आणि आमच्या घरात रस्ता पुस्तकांच्या आधी आला. १९७२ च्या दुष्काळात माझी आई मराठवाड्यातल्या आमच्या गावाच्या रस्त्यावर खडी फोडायला जात होती. मी दहा वर्षांचा होतो. डोक्यावर पदर, हातात हातोडी, समोर दगडाची रास, आणि संध्याकाळी मुकादमाच्या हजेरीपटावर अंगठा. सुकडी मिळायची ती आम्ही पोरे खायचो. आठवड्यातून एकदा साहेबांची जीप तपासणीला यायची. ती आधी धुळीच्या रूपात दिसायची, मग आवाज यायचा, मग जीप. रस्ता अजून झालेला नसायचा. म्हणूनच तर जीप लागायची. बायका हातोडी खाली ठेवून उभ्या राहायच्या. जीप गेली की पुन्हा बसायच्या. रस्त्यावरचे वाहन म्हणून मला पहिल्यांदा जे कळले ते हे, की काही माणसे दगड फोडतात आणि काही माणसे त्या दगडांवरून उंचावर बसून जातात.

पुढे माझा थोरला भाऊ एका सरकारी खात्यात जीपवर ड्रायव्हर झाला. जीपचे शास्त्र मला त्याने शिकवले. तिला एक लांब दांडा आणि दोन बुटके दांडे होते. एक बुटका दांडा ओढला की मागच्या चाकांबरोबर पुढचीही चाके गाडी ओढू लागत. दुसरा ओढला की वेग पडे आणि जोर वाढे. "चिखलात रेस करायची नाही, चाक खोल जातं," असे तो सांगायचा. संध्याकाळी बादलीने पाणी ओतून तो जीप आतून खराट्याने झाडायचा आणि पाणी तळाच्या भोकातून निघून जायचे. त्या जीपला कोणी सुंदर म्हटले नसते. मला ती सुंदर वाटायची, पण तसे म्हणायची भाषा तेव्हा माझ्याजवळ नव्हती.

ती भाषा मला बऱ्याच वर्षांनी रेंज रोव्हरच्या जन्माची हकिगत वाचताना मिळाली. तिच्या आधीची लँड रोव्हर १९४८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात आली होती. युद्धानंतर इंग्लंडमध्ये पोलाद मोजून मिळत होते, म्हणून तिचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. तिचा तो प्रसिद्ध हिरवा रंग लष्कराच्या उरलेल्या साठ्यातला. म्हणजे जिला आज लोक शैली म्हणतात ती मुळात टंचाई होती. १९७० ची रेंज रोव्हर स्पेन किंग आणि गॉर्डन बॅशफर्ड ह्या अभियंत्यांनी रचली आणि डेव्हिड बाख ह्या आरेखकाने तिला अखेरचे रूप दिले. चारही चाके कायम ओढणारी, चारही चाकांना डिस्क ब्रेक, पाट्यांऐवजी लांब हेलकाव्याच्या गुंडाळी स्प्रिंगा. शेतात चालावी आणि पक्क्या रस्त्यावर वेगानेही जावी, हा हेतू. बॉनेटच्या दोन्ही कोपऱ्यांवर उंचवटे होते ते नटण्यासाठी नव्हते. चालकाला आपल्या गाडीचे कोपरे कुठे संपतात ते दिसावे म्हणून होते. काच मोठी, खांब बारीक, बसायची जागा उंच, कारण खाली काय आहे ते बघत गाडी चालवायची होती. ही मोटार पुढे पॅरिसच्या लूव्रमध्ये औद्योगिक रचनेचा नमुना म्हणून मांडली गेली. ज्या वस्तूने सौंदर्याचा वेगळा विचारच केलेला नाही ती कलासंग्रहालयात गेली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. आशयाने स्वतःचा आकार शोधला की काय होते, हे वर्गात मी कवितांच्या आधारे सांगायचो. ह्या मोटारीचा दाखला माहीत असता तर तोही दिला असता.

मात्र ह्या पहिल्या गाडीलाही निष्पाप समजू नये. १९७१-७२ साली ब्रिटिश लष्करातल्या लोकांनी दोन रेंज रोव्हर घेऊन अमेरिका खंड उत्तरेकडून दक्षिणेकडे पार केला आणि पनामा-कोलंबियामधल्या दारिएनच्या जंगलातून त्या काढल्या. तेवढ्या एका टप्प्याला तीन महिने लागले. गाड्यांच्या पुढे माणसे झाडी तोडून वाट काढत होती. छायाचित्रात गाडी दिसते, जाहिरातीत गाडीच उरते. वाट काढणारा माणूस पहिल्यापासूनच चौकटीच्या काठावर उभा आहे.

आता १९८१. त्या वर्षी ही मोटार 'व्होग' ह्या फॅशनच्या मासिकाच्या छायाचित्रणाला दिली गेली. फ्रान्समधल्या समुद्रकाठच्या बियारिट्झ ह्या श्रीमंतांच्या गावी, भारी कपड्यांतल्या स्त्रियांच्या मागे ती उभी राहिली. त्या निमित्ताने खास सजवलेली एक मर्यादित आवृत्ती निघाली, आणि पुढे 'व्होग' हा शब्द तिच्या महाग प्रकाराचे नाव होऊन बसला. आपल्याकडेही श्रीमंतांची पोरे ह्या गाडीला नुसते 'वोग' म्हणतात. मला ही तारीख महत्त्वाची वाटते. कारण तोवर ही मोटार ज्या जगण्याची होती ते जगणे ह्या क्षणापासून तिच्या मागचे नेपथ्य झाले. आपल्या साहित्यात असेच एक वळण आले होते. ग्रामीण बोली ज्यांच्या तोंडात कधी नव्हती त्यांनी ती कथेत चवीपुरती वापरायला सुरुवात केली, आणि वाचकाने तिला मातीचा वास म्हटले.

पुढचा प्रवास उताराचा आहे, त्यामुळे भरभर सांगतो. गालिचे आले, कातडे आले, लाकूड आले. २०११ साली ह्याच घराण्यातली इव्होक ही धाकटी मोटार निघाली. छत मागे उतरते, खिडक्या चिंचोळ्या, कंबर उंच. तिचा एक प्रकार केवळ पुढची दोन चाके ओढणारा होता. जिच्या वंशाचे नावच चार चाकांच्या ओढीवर उभे, तिने ती ओढ ऐच्छिक केली. २०१६ साली तर तिचा उघड्या टपाचा, कापडी छताचा अवतार आला. ही मोटार कोणत्या रानात न्यायची होती हे मला आजवर उमगलेले नाही. दोनेक वर्षांत तो प्रकार बंद झाला. २०१२ च्या मोठ्या रेंज रोव्हरच्या दारांवर माशाच्या कल्ल्यासारख्या उभ्या पट्ट्या आल्या. आधीच्या गाडीत अशा पट्ट्यांतून खरोखर हवा जात होती. ह्या गाडीत त्यांतून काहीच जात नाही. पट्ट्या दारावर चिकटवलेल्या आहेत. हवा नाही, कल्ला आहे.

चाकाचे उदाहरण सर्वांत स्पष्ट. १९७० च्या गाडीला १६ इंची चाक होते आणि त्याभोवती जाड, उंच रबर. दगडावर चाक चढले की रबर दबते, दगडाला धरते आणि धातूची कड वाचते. आजच्या मोठ्या रेंज रोव्हरला २३ इंची चाक मिळते. चाक मोठे झाले म्हणजे धातू मोठा झाला आणि रबराची पट्टी बारीक झाली. दिसायला भारदस्त. धारदार दगडांच्या वाटेवर हेच चाक आधी हरेल, हे कोणताही टायर पंक्चरवाला सांगेल. म्हणजे रानात जाण्याची खूण म्हणून जे अवाढव्य चाक आपण बघतो, तेच रानात जाण्यातली अडचण आहे. खुणेने आशयाला गिळले ते असे.

ही केवळ एका कंपनीची कथा नाही. बीएमडब्ल्यूने १९९९ मध्ये, पोर्शेने २००२ मध्ये, बेंटलीने २०१५ मध्ये उंच गाड्या काढल्या. २०१८ साली रोल्स-रॉइसची कलिनन आली. तिचे नाव १९०५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत सापडलेल्या हिऱ्यावरून ठेवले आहे. खाणीतली माती उपसणारे हात कोणाचे होते हे नाव ठेवणाऱ्यांनी विचारात घेतल्याचे दिसत नाही. तिच्या डिकीतून कातड्याच्या दोन खुर्च्या आणि एक छोटे टेबल बाहेर सरकते. रानात जाऊन त्यांवर बसायचे आणि रानाकडे बघायचे. रान हा देखावा, मी प्रेक्षक, असा तो करार आहे.

२००५ साली इंग्लंडमध्ये एकाने बाटलीत भरलेला चिखल विकायला काढला. शहरात राहणाऱ्यांनी तो आपल्या उंच गाडीवर फवारायचा, म्हणजे शेजाऱ्यांना वाटेल की हे शनिवार-रविवारी गावाकडे जाऊन आले. मी ही बातमी वाचली तेव्हा हसलो आणि मग बराच वेळ गप्प बसलो. माझी आई संध्याकाळी घरी आल्यावर आधी पाय धुवायची. पायावरची माती घेऊन ती कधी गावातल्या दुकानात गेली नाही, कारण त्या मातीवरून आपण कोण हे ओळखले जाते, हे तिला माहीत होते. एकाच्या अंगावरचा चिखल त्याची जागा दाखवतो, दुसरा तोच चिखल पैसे देऊन फवारून घेतो.

स्पेन किंगलाही हे पुढे पटेनासे झाले. शहरात, मुलांना शाळेत सोडायला असल्या गाड्या वापरणे हा निव्वळ मूर्खपणा आहे, असे त्याने २००४ च्या सुमारास जाहीरपणे म्हटले होते. निर्मात्याने आपल्याच कृतीच्या वाचकांना झोडपावे, हे साहित्यात क्वचित घडते. २०१० साली सायकलवरून जात असताना व्हॅनशी अपघात होऊन तो वारला.

आता आपल्याकडे वळू. २००८ साली टाटांनी फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर ही दोन्ही नावे २.३ अब्ज डॉलरला घेतली. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांची कंपनी आपण घेतली, असा आनंद होता. मलाही झाला, खोटे कशाला बोलू. २०११ पासून पुण्यात लँड रोव्हरच्या काही गाड्यांची जुळणी सुरू झाली. मालकी बदलली तरी नजर कोणाची राहिली, हा प्रश्न त्या दिवशी आम्हांपैकी कोणी विचारला नाही.

सरकारने तर ह्या गाड्यांची व्याख्याच केली. २०२२ च्या डिसेंबरमध्ये जीएसटी परिषदेने स्पष्ट केले की २२ टक्के उपकर लागण्यासाठी चार गोष्टी एकत्र हव्यात. गाडी लोकांमध्ये एसयूव्ही म्हणून ओळखली जावी, इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठे असावे, लांबी ४००० मिलिमीटरपेक्षा जास्त असावी आणि जमिनीपासून तळाची उंची १७० मिलिमीटर किंवा अधिक असावी. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये उपकर गेला आणि मोठ्या गाड्यांना ४० टक्के दर लागला, पण ती व्याख्या मी कात्रणात जपून ठेवली आहे. पहिली अट मला समीक्षक म्हणून फार आवडली. लोक जिला कादंबरी म्हणतात ती कादंबरी! आणि ह्या चारही अटींत गाडीची चारही चाके ओढतात की दोनच, हे कोणी विचारलेले नाही. कर बसवणाऱ्यांनाही हे पक्के माहीत होते की आपण उंचीवर कर बसवतो आहोत, कामावर नव्हे.

मागच्या पावसाळ्यात मी मुलाकडे पुण्याला होतो. त्याच्या सोसायटीत पहाटे पाचला एक तरुण दोन बादल्या आणि फडकी घेऊन गाड्या पुसायला येतो. एका गाडीमागे महिन्याचे ठरलेले पैसे. मला झोप कमी, मी खाली फेऱ्या मारायचो, त्यातून ओळख झाली. परभणीकडचा निघाला. एका काळ्या, उंच, परदेशी नावाच्या गाडीपाशी मी थांबलो तेव्हा तो म्हणाला, "काका, ही गाडी लई सोपी. वरून धूळ असती, खाली काहीच नसतंय. वाकून बघा की." मी वाकून पाहिले. दोन वर्षांच्या त्या गाडीचा तळ दुकानातून आणल्यासारखा होता. "आणि ती?" मी कडेच्या छोट्या टेम्पोकडे बोट केले. "तिला दोन घंटे जातात. भाजीवाल्याची हाय. शेतात जाती ना ती." इतकी नेमकी समीक्षा मला जमलेली नाही. आम्ही वरून वाचतो. तो खालून वाचतो. त्या उंच गाडीच्या मालकांनी त्याला एकदा, पायरीवर चढून टप पुसताना पायातली चप्पल गाडीला लागली म्हणून, सगळ्यांसमोर सुनावले होते. तेव्हापासून तो तिच्याजवळ अनवाणी जातो. हे त्याने तक्रार म्हणून सांगितले नाही. कामाची पद्धत म्हणून सांगितले.

इथे एक आक्षेप घ्यावा लागेल, आणि तो मी स्वतःच घेतो. मोठ्या रेंज रोव्हरची ताकद गेली असे म्हणणे खरे नाही. ९०० मिलिमीटर पाण्यातून, म्हणजे माझ्या कमरेइतक्या पाण्यातून, ती जाऊ शकते असे तिचे निर्माते सांगतात, आणि ते खोटे म्हणायला माझ्याजवळ कारण नाही. यंत्र म्हणून ती आपल्या आजीपेक्षा बलवान आहे. मग माझी तक्रार काय? ही की ते सामर्थ्य लॉकरमधल्या दागिन्यासारखे झाले आहे. वापरायचे नाही, आहे एवढे माहीत असले पाहिजे. आणि लॉकरमधला दागिना निदान दुसऱ्याला इजा करत नाही. ही मोटार अडीच टनांच्या आसपास आहे. कधीही न लागणाऱ्या ताकदीचे वजन ती रोज शहरातून वाहते, त्याचे इंधन जळते, त्याची हवा आपण सगळे घेतो. २०२३ साली जगात विकल्या गेलेल्या मोटारींपैकी जवळजवळ निम्म्या एसयूव्ही जातीच्या होत्या.

इजा हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्तासुरक्षा संस्थेने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या गाड्यांच्या बॉनेटची पुढची कड जमिनीपासून ४० इंचांहून उंच आहे, त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त आढळली. कारण साधे आहे. बुटकी गाडी पायांवर आदळते आणि माणूस बॉनेटवर पडतो. उंच गाडी छातीवर, डोक्यावर आदळते. मूल असेल तर ते चालकाला दिसतही नाही. आणि आता गंमत पाहा. २०१८ साली दाखवलेल्या दुसऱ्या इव्होकमध्ये अशी सोय आली की बॉनेटखालची जमीन कॅमेऱ्यातून आतल्या पडद्यावर दिसते, जणू बॉनेट पारदर्शक आहे. १९७० च्या गाडीत जमीन दिसावी म्हणून काच मोठी आणि बॉनेट सपाट केले होते. नंतर दिमाखासाठी काच लहान केली, कंबर उंच केली, जमीन दिसेनाशी झाली. मग जमिनीचे चित्र पडद्यावर आणून दिले. जमीन आणि माणूस यांच्यातला इतका लांबचा वळसा मी दुसऱ्या कुठल्या कलाकृतीत पाहिलेला नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या नागरिकांनी जड गाड्यांचे पार्किंग तिप्पट महाग करायला मतदानाने संमती दिली. आपल्याकडे २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने गाडीपुढच्या लोखंडी बुलबारवर बंदी घातली. चौकाचौकात उभे राहून पाहा, ते अजून दिसतात.

इथवर लिहून मी हा लेख संपवणार होतो. पण गावाकडच्या एका तरुणाने मला अडवले. तो आमच्याच वस्तीतला, शिकलेला, औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, विजेच्या कामांचे छोटे ठेके घेतो. तीन वर्षांपूर्वी त्याने एक जुनी देशी एसयूव्ही घेतली. काळी, उंच. कर्ज काढून. मी त्याला हे सगळे विचार फोनवर ऐकवले. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "मामा, तुमचं बरोबर आहे. पण आपल्या माणसाला घोड्यावर बसून गावातनं जाऊ देत नव्हते ना? माझ्या बापाची वरात मागच्या वाटेनं गेली. मी ही गाडी पहिल्यांदा आणली तर चावडीपुढनं दोनदा नेली. काम काहीच नव्हतं."

त्याला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही. आजही नीटसे सुचलेले नाही. उंच बसणे ही खूण आहे असे मी म्हणतो. पण खुणांवर ज्यांना पिढ्यान्पिढ्या बंदी होती त्यांच्या हाती ती खूण गेली की तिचा अर्थ बदलतो, हे मान्य केले पाहिजे. लंडनमधला माणूस जो चिखल विकत घेतो आणि हा पोरगा जी उंची विकत घेतो, ह्या दोहोंना एकाच मापाने मोजणारी समीक्षा आळशी आहे. लंडनवाल्याला आपण नाही ते दिसायचे आहे. ह्याला आपण आहोत हे दाखवायचे आहे. तरीही मला एक रुखरुख आहे. त्याची खूण त्याने स्वतः घडवलेली नाही. चावडीवर जी उंची चालते तीच त्याने भाड्याने आणली आहे, आणि हप्ते अजून दोन वर्षे आहेत. ज्या बॉनेटपुढे त्याच्या बापाला बाजूला व्हावे लागले असते, त्याच बॉनेटमागे तो बसला आहे. बॉनेट तेवढेच उंच आहे. मी हे त्याला बोललो नाही. बोललो असतो तर तो म्हणाला असता, मामा, तुम्हांला निवृत्तिवेतन आहे.

गेल्या श्रावणात गावी गेलो. आईने खडी फोडलेला रस्ता आता डांबरी आहे, पण तो चावडीपाशी संपतो, १९७२ सालीही तिथेच संपत होता. तिथून आमची वस्ती, आताचे भीमनगर, पाऊण किलोमीटर. मध्ये ओढा. तालुक्याहून येणारी काळी-पिवळी जीप उन्हाळ्यात चौदा माणसे भरून ओढ्यातून पलीकडे येते. पावसाळ्यात अलीकडेच माणसे उतरवते. आजारी माणसाला बाजेवर घालून चावडीपर्यंत आणावे लागते, आणि रुग्णवाहिका तिथे उभी असली तर असते.

तो तरुणही त्या दिवशी आला होता. त्याची गाडी ओढ्याच्या अलीकडे, बाभळीखाली उभी होती. मी विचारले, पाणी तर गुडघाभरच आहे, गाडी का नाही आणली? तो हसला. "मामा, ही मागच्याच दोन चाकांवर ओढते. चार चाकांची दोन लाखांनी महाग होती." मग त्याने बूट काढले, मोजे बुटांत कोंबले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि आम्ही दोघे ओढ्यात उतरलो.